सेल्युलाइट आणि व्यायाम

सेल्युलाइट : मांड्या, नितंब आणि क्वचित पोट यांवरची त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खळगेदार दिसणे. हा रोग नव्हे. वयात आलेल्या 80 ते 90 टक्के स्त्रियांत तो कमीअधिक आढळतो, सडपातळ स्त्रियांतही. पुरुषांत विरळा. जंतुसंसर्गाने त्वचा लाल, गरम आणि दुखरी होते तो सेल्युलायटिस. त्याच्याशी याचे नावापुरतेच साम्य. 1873 मधल्या एका फ्रेंच वैद्यकीय कोशात ‘सेल्युलाइट’ हा शब्द आला तेव्हा मात्र त्याचा अर्थ ऊतकाचा दाह असाच होता. पुढे सौंदर्यव्यवसायाने तो उचलला, आणि 1968 मध्ये ‘व्होग’ या नियतकालिकातून तो अमेरिकी वाचकांपर्यंत गेला.

गादीवाला टाके घालतो तेव्हा टाक्यापाशी खळगा पडतो नि भोवतीचा कापूस वर येतो. इथेही तसेच घडते. त्वचेला खालच्या थराशी बांधणारे तंतू आत ओढून धरतात आणि मधली चरबी वर फुगते. नूर्नबर्गर आणि म्युलर या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवले, की स्त्रियांत हे तंतू बहुधा त्वचेला काटकोनात उभे असतात, पुरुषांत तिरपे आणि एकमेकांत गुंतलेले. व्यायामाने हे टाके उसवत नाहीत.

‘मांडीचा व्यायाम केला की मांडीचीच चरबी जळते’ हा समज व्यायामशाळांत अजून पक्का आहे. पण 1971 मध्ये टेनिसपटूंचे हात मोजले गेले, तेव्हा तसे दिसले नाही. खेळणारा हात जाड भरला, पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांत सारखाच. 1984 च्या एका प्रयोगात 27 दिवसांत माणशी 5,004 सिट-अप्स काढून घेतल्या. चरबीच्या पेशी लहान झाल्या, पण पोटावर जितक्या तितक्याच पाठीवर नि नितंबांवर.

मग ठरावीक भागाच्या व्यायामाचा उपयोग काय? स्नायू भरतो, वरची त्वचा ताणून धरली जाते आणि खळगे उथळ वाटू लागतात. त्यासाठी बैठका, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यांत वाकणे), उंच पायरीवर चढउतार. पाठीवर झोपून, टाचा रोवून कंबर उचलणे (सेतुबंधासन याच जातीचे). बैठका सहज निघू लागल्या की नुसती संख्या वाढवण्यापेक्षा हातात डंबेल घ्यावे. आठवड्यातून दोन-तीनदा केले तरी फरक दिसायला काही महिने जातात. एकूण चरबी उतरते ती आहार आणि चालणे-धावणे यांच्या जोडीने. फार झपाट्याने वजन उतरवले, तर त्वचा सैल पडून खळगे उलट ठळक होऊ शकतात.

सेल्युलाइट किती आहे हे डॉक्टर ठरवतात ते साध्या रीतीने : झोपवून आणि उभे करून पाहायचे, मग मांडी चिमटीत धरायची. चिमटीतच खळगे उमटले तर सौम्य, उभे राहताच दिसले तर पुढची पायरी, झोपूनही राहिले तर तीव्र. उजेडही महत्त्वाचा. बाजूने पडणाऱ्या प्रकाशात प्रत्येक खळग्याला सावली येते, समोरच्या प्रकाशात ती पुसली जाते. जाहिरातींतली ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे पाहताना आधी दिवा कुठे होता ते बघावे.