पीएम-एससीएल: रुग्णांच्या रक्तातून आलेलं नाव

पेशीत आरएनए सतत तयार होतो आणि सतत मोडलाही जातो. काम संपलेला किंवा चुकीचा उतरलेला आरएनए साठत गेला तर पेशी चालणारच नाही. माणसाच्या पेशीकेंद्रकात ही मोडणी करणाऱ्या एका प्रथिनाचं अधिकृत नाव आहे 'ईएक्सओएससी १०'. ही ८८५ अमिनो आम्लांची साखळी. मला मात्र तिचं जुनं नावच जवळचं वाटतं: पीएम-एससीएल १००. त्या नावात माणसं आहेत.

'पीएम' म्हणजे पॉलिमायोसायटिस. यात स्नायूंना सूज येते, जिना चढवत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही. 'एससीएल' म्हणजे स्क्लेरोडर्मा. यात कातडी जाड आणि ताठ होत जाते. दोन्हींत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते. १९७७ मध्ये वुल्फ, अॅडेलस्टाइन आणि शार्प या अमेरिकी संशोधकांना पॉलिमायोसायटिसच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळं प्रतिपिंड सापडलं. त्यांनी त्याला 'पीएम-१' म्हटलं. पुढे दिसलं की हे प्रतिपिंड विशेषतः दोन्ही आजार एकत्र असलेल्यांत आढळतं. म्हणून नाव बदलून 'पीएम-एससीएल' झालं. हे प्रतिपिंड केंद्रिकेतल्या (पेशीकेंद्रकाच्या आतल्या दाट भागातल्या) बऱ्याच प्रथिनांच्या एका जुडग्याला चिकटतं, हेही कळलं. त्यातली मुख्य दोन वजनावरून ओळखली गेली, १०० आणि ७५ किलोडाल्टन. १९९२ पर्यंत दोघांचे जनुकक्रम हाती आले. पण हे जुडगं पेशीत करतं काय, याचा पत्ता नव्हता. रुग्णांच्या रक्ताने बोट दाखवलं होतं, एवढंच.

उत्तर आलं यीस्टकडून. पाव फुगवणाऱ्या त्या बुरशीत डेव्हिड टॉलर्वी आणि सहकारी रायबोसोमचा आरएनए कसा घडतो ते शोधत होते. त्या आरएनएचं एक टोक नीट कातरलं जात नाही असे यीस्ट त्यांनी तपासले, आणि १९९७ मध्ये 'सेल' नियतकालिकात आरएनएला टोकाकडून कुरतडत जाणाऱ्या प्रथिनसंचाचं वर्णन केलं. त्याचं नाव 'एक्सोसोम'. १९९८ मध्ये यीस्टमधलं आरआरपी ६ हे प्रथिन माणसाच्या पीएम-एससीएल १०० चं भावंड असल्याचं दिसलं. १९९९ मध्ये यीस्टचा एक्सोसोम आणि माणसाचा पीएम-एससीएल संच ही एकाच कुळातली यंत्रं असल्याचं स्पष्ट झालं. बावीस वर्षांनी त्या प्रतिपिंडाच्या निशाण्याला काम सापडलं.

नावाचा एक घोटाळा मात्र राहिला. पेशी बाहेर टाकतात त्या सूक्ष्म पुटिकांनाही रोझ जॉन्स्टोन यांनी १९८७ मध्येच 'एक्सोसोम' म्हटलं होतं. त्वचेच्या क्रीमच्या जाहिरातीत दिसतो तो एक्सोसोम हा पुटिकांचा. आरएनए मोडणाऱ्या संचाशी त्याचा काही संबंध नाही.

जुनं नाव आजही चालू आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या एएनए प्रोफाइल या, पेशीकेंद्रकावर उलटणारी प्रतिपिंडं शोधणाऱ्या रक्ततपासणीच्या अहवालात 'पीएम-एससीएल १००' ही ओळ असते. ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरून स्वतःच निदान करू नका. एका ओळीवरून आजार ठरत नाही. अहवाल घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा, आणि जिना चढताना पाय भरून येतात का, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, हे त्यांना न विसरता सांगा.