मसल : दंडातला उंदीर

शेवरोलेची कमॅरो ही मसल कार 2002 मध्ये बंद झाली आणि अमेरिकेतले शौकीन हळहळले. 2006 च्या डेट्रॉइट प्रदर्शनात तिचा नवा नमुना दिसला, तरी विक्रीची गाडी यायला 2009 उजाडलं. डिसेंबर 2023 मध्ये ती पुन्हा थांबली. आता पुन्हा ‘ही मसल कार परत येणार का?’ हीच चर्चा.

यातला ‘मसल’ गमतीचा आहे. लॅटिनमध्ये ‘मुस’ म्हणजे उंदीर आणि ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं, म्हणून स्नायूला ते नाव पडलं. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत शिरलं, पुढे त्याला ताकद, दांडगाई असे अर्थ चिकटले. आपला ‘मूषक’ त्याच कुळातला. म्हणजे मसल कार हे शब्दशः मूषकवाहन. गणपतीने ही कल्पना फार आधी अमलात आणली होती! मराठी माणसाला मात्र दंडात बेडूक दिसला, म्हणून आपण बेटकुळ्या काढून दाखवतो.

गाड्यांच्या बाबतीत हा शब्द चिकटला तो 1964 च्या पाँटिअॅक जीटीओसारख्यांना : मध्यम अंगाची गाडी, आत थोराड व्ही-8 इंजिन. आता डॉजने चार्जर विजेवर आणली, गुरगुरण्यासाठी तिला स्पीकर बसवले. जुन्या शौकिनांनी नाकं मुरडली, पण कंपनी तिलाही मसल कारच म्हणते.