ग्रंथांचा हजेरीपट

हजेरीपटावर नाव नसेल तर कामगाराचे केलेले काम बुडते, हे आम्ही युनियनवाले अनुभवाने जाणतो. ग्रंथांचेही तसेच आहे. सूचीत नसलेला ग्रंथ कपाटात असूनही हरवलेलाच.

मोरिट्झ श्टाइनश्नायडर १८१६ साली मोराव्हियात जन्मले. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील छापील हिब्रू ग्रंथांची त्यांची लॅटिन सूची १८५२ ते १८६० या काळात प्रसिद्ध झाली. पुढे लायडन, म्युनिक, हॅम्बुर्ग व बर्लिन येथील हिब्रू हस्तलिखितेही त्यांनी नोंदविली. पोटासाठी शिकवण्या केल्या, मुलींची शाळा चालविली. १८६९ पासून बर्लिनच्या राजग्रंथालयात साहाय्यक झाले. केवळ ज्यूंसाठी असलेल्या विद्यालयांतील जागा मात्र त्यांनी नाकारल्या. हा अभ्यास सर्वांच्या विद्यापीठातच व्हावा, हा त्यांचा आग्रह होता.

या नोंदींतूनच १८९३ चा मोठा ग्रंथ उभा राहिला. अरबी वैद्यक, गणित व तत्त्वज्ञान हिब्रूत आणून युरोपकडे पोचविणारे भाषांतरकार त्यात एकेक करून भेटतात. १९०२ साली ज्यूंच्या अरबी वाङ्मयावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. १९०७ साली ते वारले.

विद्या कोणा एका जातीधर्माची मिरास नाही, असे आपण सभांतून सांगतो. श्टाइनश्नायडरांनी ते नावनिशीवार मांडले. ज्ञानाचे ओझे वाहणाऱ्या त्या हमालांना त्यांनी हजेरीपटावर घेतले.