ठक-मंत्रकार (बहुवर्गीय पात्ररचना)

ठक-मंत्रकार हे टेबलावर बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाधारी खेळांतील एक पात्रप्रकार आहे. चोरकला आणि मंत्रविद्या या दोन्हींत गती असलेल्या पात्राला हे नाव दिले जाते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात असे पात्र दोन मार्गांनी उभे करता येते. पहिल्या मार्गात ठक वर्गातीलच मंत्र जाणणारा उपवर्ग निवडला जातो. दुसऱ्या मार्गात ठकाच्या काही पातळ्या आणि एखाद्या मंत्रकार वर्गाच्या काही पातळ्या एकाच पात्रात एकत्र केल्या जातात. या रचनेस बहुवर्गीय किंवा मल्टिक्लास रचना म्हणतात. ठक वर्गाचे मूळ इंग्रजी नाव देवनागरीत लिहिल्यास ‘रोग’ असे होते आणि वाचकास व्याधीची आठवण होते, म्हणून या लेखात ‘ठक’ हा शब्द योजला आहे. वेगळा उल्लेख नसेल तेथे नियम २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीचे आहेत.

या खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि डंजन मास्टर हा सूत्रधार उरलेले जग चालवतो. कृतीचा निकाल फासे टाकून लागतो. पात्र पहिल्या पातळीपासून सुरुवात करते आणि कमाल विसाव्या पातळीपर्यंत जाते. नवी पातळी मिळताच ती कोणत्या वर्गात घालायची, हे बहुवर्गीय पात्राच्या खेळाडूला दर वेळी ठरवावे लागते.

इतिहास

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात योद्धा, मंत्रकार आणि धर्मगुरू असे तीनच वर्ग होते. चोर हा वर्ग १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आला. जादूशी त्याचे नाते तेव्हापासूनच आहे. उच्च पातळीच्या चोराला मंत्रांच्या गुंडाळ्या वाचता येत, मात्र मंत्र उलटण्याचा धोका असे. फ्रिट्झ लायबर यांच्या कथांतील ‘ग्रे माउझर’ हा पूर्वी एका मांत्रिकाचा शिष्य असलेला चोर या कल्पनेमागील पूर्वजांपैकी एक मानला जातो.

१९७८ च्या खेळाडू पुस्तिकेत एल्फ आदी मानवेतर वंशांना एकाच वेळी दोन-तीन वर्गांत वाढता येई, परंतु मिळालेला अनुभव सर्व वर्गांत समान वाटला जाई. मनुष्यांना ही सोय नव्हती. त्यांना जुना वर्ग कायमचा सोडून नवा घ्यावा लागे, आणि नव्या वर्गाची पातळी जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी कौशल्ये वापरल्यास अनुभवाचे गुण गमवावे लागत. त्याच पुस्तकातील बार्ड हा गायक-मंत्रकार स्वतःच एक बहुवर्गीय रचना होता: आधी योद्धा, मग चोर आणि त्यानंतरच बार्ड.

२००० साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पातळीला वर्ग बदलण्याची मुभा मिळाली. २००३ च्या सुधारित सूत्रधार पुस्तिकेत ‘आर्केन ट्रिकस्टर’ हा खास वर्ग होता. ठकाच्या ३ आणि विझार्डच्या ५ पातळ्या ही त्यात शिरण्याची नेहमीची वाट होती. त्यापुढे दोन्ही विद्या बरोबरीने वाढत. पाचव्या आवृत्तीत हेच नाव ठकाच्या उपवर्गाला देण्यात आले आणि तो तिसऱ्या पातळीलाच उपलब्ध झाला.

नियमांची चौकट

दुसरा वर्ग घेण्यासाठी दोन्ही वर्गांच्या मुख्य गुणात किमान १३ अंक लागतात. ठकासाठी हा गुण चपळता, विझार्डसाठी बुद्धी, तर बार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक यांच्यासाठी व्यक्तिप्रभाव असतो. मंत्र किती वेळा टाकता येतील हे ‘स्पेल स्लॉट’ ठरवतात. बहुवर्गीय पात्राचे स्लॉट मोजताना विझार्ड, बार्ड व सॉर्सरर यांच्या सर्व पातळ्या धरतात, तर आर्केन ट्रिकस्टरच्या ठक-पातळ्यांपैकी केवळ एक तृतीयांश, तोही अपूर्णांक सोडून. वॉरलॉकचे स्लॉट स्वतंत्र असून ते छोट्या विश्रांतीनंतर परत मिळतात. पात्राला येणारे मंत्र मात्र प्रत्येक वर्गाच्या स्वतःच्या पातळीवरच ठरतात. वरच्या दर्जाचा स्लॉट हाती आहे, पण त्या दर्जाचा एकही मंत्र येत नाही, अशी स्थिती त्यामुळे उद्भवू शकते. नवखे खेळाडू येथे हमखास फसतात.

पहिली पातळी कोणत्या वर्गात घ्यावी यालाही महत्त्व आहे. आरंभी ठक असलेल्या पात्राला चार कौशल्ये मिळतात; नंतर ठक होणाऱ्याला एकच. संकट टाळण्याच्या फेकींतील प्रावीण्यही फक्त पहिल्या वर्गाकडून येते. आरंभ सॉर्सररने केल्यास शरीरबळाच्या फेकीत प्रावीण्य मिळते. मार बसल्यावर चालू मंत्रावरील एकाग्रता टिकवण्यासाठी हीच फेक लागते, म्हणून काही खेळाडू एका कौशल्यावर पाणी सोडूनही सॉर्सररपासून सुरुवात करतात.

निवडीतील मुख्य अडचण

ठकाचे सर्वांत धारदार साधन म्हणजे ‘स्नीक अटॅक’, अर्थात बेसावध किंवा दुसऱ्याशी झुंजणाऱ्या शत्रूवर केलेला घाव. पहिल्या पातळीला त्याचा एक अतिरिक्त षट्कोनी नव्हे तर सहा बाजूंचा साधा फासा मिळतो आणि पुढे दर विषम पातळीला एकेक वाढत एकोणिसाव्या पातळीला दहा फासे होतात. हा घाव शस्त्रानेच करावा लागतो. मंत्राने केलेल्या हल्ल्याला तो लागू होत नाही. आपल्या पाळीत पात्राला सामान्यतः एकच मुख्य कृती असते. त्यामुळे तलवार चालवली तर मंत्र राहतो आणि मंत्र टाकला तर तलवार राहते. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या पात्राची खरी कोंडी येथे होते, आणि कागदावर भरगच्च दिसणाऱ्या अनेक रचना टेबलावर फिक्या पडतात त्या याच कारणाने.

आठव्या पातळीवरील तुलना या दृष्टीने बोलकी आहे. आठ पातळ्यांच्या आर्केन ट्रिकस्टरकडे स्नीक अटॅकचे ४ फासे (सरासरी १४) असतात. त्याला दुसऱ्या दर्जापर्यंतचे मंत्र येतात, मार निम्मा करणारी आणि स्फोटातून निसटण्याची अशा दोन्ही कला अवगत असतात, आणि त्याने गुणवाढ दोनदा घेतलेली असते. ठक ३ व विझार्ड ५ अशा पात्राकडे २ फासे (सरासरी ७) व एकच गुणवाढ असते आणि त्या दोन्ही कला नसतात. त्याला ‘फायरबॉल’सारखे तिसऱ्या दर्जाचे मंत्र मात्र येतात. एकट्या आर्केन ट्रिकस्टरला हा दर्जा तेराव्या पातळीला मिळतो, तर शुद्ध विझार्ड आठव्या पातळीला चौथ्या दर्जावर पोहोचलेला असतो. मिश्र पात्र अशा रीतीने दोन्ही बाजूंनी मागे राहते. मोबदल्यात त्याला मिळते ते वैविध्य.

यामुळे मुख्य कृती न खाणारे मंत्र या पात्राला सर्वाधिक उपयोगी पडतात. ‘फाइंड फॅमिलियर’ हा त्यांतील सर्वांत फलदायी म्हणावा लागेल. विझार्ड तो विधी म्हणून, स्लॉट न खर्चता करतो. बोलावलेले घुबड शत्रूजवळून उडत जाऊन त्याचे लक्ष वेधते आणि ठकाला स्नीक अटॅकची संधी देते. अदृश्य होण्याचा किंवा वेष पालटण्याचा मंत्र लढाईपूर्वीच टाकून ठेवता येतो. ‘बूमिंग ब्लेड’ या मंत्रात शस्त्राचा घाव अंतर्भूत असल्याने तलवार आणि जादू एकाच कृतीत साधतात. ‘शील्ड’ हा मंत्र प्रतिक्रियेत टाकला जातो, पण ठकाची मार निम्मा करण्याची कलाही प्रतिक्रियाच असल्याने एका फेरीत दोहोंपैकी एकच वापरता येते.

प्रचलित रचना

ठकाला विझार्डची एक-दोन पातळ्यांचीच जोड देणे हा सर्वांत कमी खर्चाचा पर्याय आहे. एका पातळीत मंत्रपोथी, सहा मंत्र आणि विधींची सोय मिळते. नुकसान एवढेच की ठकाची प्रत्येक नवी कला एक पातळी उशिरा येते. शेवटी ठक १९ व विझार्ड १ असे पात्र झाले तरी स्नीक अटॅकचे दहाही फासे शाबूत राहतात.

व्यक्तिप्रभावाच्या बाजूने जाणारे खेळाडू ‘स्वॉशबकलर’ हा उपवर्ग घेतात, कारण त्याला एकट्याने भिडूनही स्नीक अटॅक करता येतो. त्याला वॉरलॉकच्या तीन पातळ्या जोडल्या की ‘डार्कनेस’ मंत्राने काळोख पसरवून स्वतः त्यातून पाहण्याची युक्ती साधते. युक्ती प्रभावी असली तरी त्या काळोखात आपले साथीदारही आंधळे होतात, हे वापरणाऱ्याच्या ध्यानात बहुधा दुसऱ्या लढाईत येते. बार्ड या वर्गात मात्र कौशल्यांतील दुप्पट प्रावीण्य आणि नवव्या दर्जापर्यंतचे मंत्र एकत्र असतात. स्नीक अटॅकचा आग्रह नसेल तर निव्वळ बार्ड हाच ठक-मंत्रकार, आणि बहुवर्गाची यातायात अनावश्यक ठरते.

शत्रू कोण आहे यावरही रचनेचा कस लागतो. भारतीय पुराणकथांतून उचललेला, वाघाच्या डोक्याचा ‘राक्षस’ हा या खेळातील शत्रू सहाव्या किंवा त्याखालच्या दर्जाच्या मंत्रांना दाद देत नाही. चौथ्या दर्जापाशी थांबणाऱ्या आर्केन ट्रिकस्टरची जादू त्याच्यापुढे निष्प्रभ होते. सज्जन पात्राच्या हातातील जादूच्या टोकदार शस्त्राने मात्र त्याला दुप्पट इजा होते, आणि स्नीक अटॅकचे फासेही त्यात मोजले जातात.

निवड बदलण्याची मुभा

२०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकीय खेळामुळे अनेकांची बहुवर्गीय रचनेशी पहिली ओळख झाली. त्यात गुणांची किमान अट नाही, पातळीची मर्यादा १२ आहे, आणि १०० सुवर्णनाणी देऊन पात्र नव्याने रचता येते. टेबलावर अशी सोय गृहीत धरता येत नाही. २०२० च्या ‘ताशा’ पुस्तकात सूत्रधाराच्या संमतीने उपवर्ग बदलण्याचा ऐच्छिक नियम आहे. घेतलेल्या वर्गाच्या पातळ्या परत करण्याची तरतूद मूळ पुस्तिकेत नाही. आठवड्यातून एकदा जमणाऱ्या गटात एक पातळी चढायला महिना-दीड महिना सहज लागू शकतो. पाचव्या पातळीला पुरी होणारी रचना आणि बाराव्या पातळीला पुरी होणारी रचना यांत त्यामुळे वर्षभराचे अंतर पडू शकते. मोहीम किती काळ चालणार आहे, हे सूत्रधाराला आरंभीच विचारून घेणे म्हणून इष्ट असते.

भारतीय साहित्यातील समांतर पात्रे

चोरकला व मंत्रविद्या यांचा संयोग भारतीय वाचकाला नवा नाही. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील वेताळकथांत मूलदेव हा धूर्त येतो. तो दुसऱ्या एकासाठी तोंडात धरताच पुरुषाची स्त्री करणारी मंत्रसिद्ध गुटिका तयार करतो आणि तिच्या बळावर राजवाड्यात शिरकाव साधतो. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीतील आणि पुढे दूरदर्शन मालिकेमुळे महाराष्ट्रातही घरोघरी पोहोचलेले ऐयार वेषांतर करतात, बेशुद्धीची औषधे वापरतात. मात्र त्यांचे बळ युक्तीत आणि औषधांत आहे, मंत्रांत नाही. या खेळाच्या परिभाषेत ते शुद्ध ठकच ठरतील.