केस उपटणे व त्वचा खरवडणे यांचे अनिवार विकार

डोक्याचे, भुवयांचे वा पापण्यांचे केस वारंवार उपटणे, किंवा पुटकुळ्या, खपल्या आणि प्रसंगी निरोगी त्वचाही नखांनी खरवडत राहणे, आणि थांबण्याचा निश्चय पुनःपुन्हा करूनही हात न आवरणे, या अवस्थांना मानसोपचारशास्त्रात अनुक्रमे ट्रायकोटिलोमेनिया व एक्स्कोरिएशन विकार म्हणतात. यांपैकी पहिली संज्ञा फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी १८८९ मध्ये वापरली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीत दोन्ही विकार मंत्रचळाशी, म्हणजे ओसीडीशी, संबंधित गटात आहेत. मात्र मंत्रचळात कृतीआधी एखादा भयप्रद विचार छळतो, तसे येथे सहसा घडत नाही. येथे आधी ताण, कंटाळा किंवा बोटांना जाणवलेला एखादा खरखरीत केस असतो आणि कृतीनंतर क्षणभर सुटल्यासारखे वाटते.

ही कृती दोन प्रकारे घडते. वाचताना, अभ्यास करताना किंवा दूरचित्रवाणी पाहताना हात नकळत डोक्याकडे जातो, तो स्वयंचलित प्रकार. आरशासमोर उभे राहून ठरावीक केस वा फोड शोधला जातो, तो हेतुपूर्वक प्रकार. एकाच व्यक्तीत दोन्ही आढळतात. प्रारंभ बहुधा पौगंडावस्थेत, म्हणजे नेमका दिसण्याविषयीच्या संकोचाच्या वयात होतो.

शारीरिक परिणाम उघड असतात : विरळ झालेली टाळू, व्रण, जंतुसंसर्ग. उपटलेले केस गिळण्याची सवय असल्यास जठरात केसांचा गोळा साठून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. दैनंदिन जीवनाची खरी झीज मात्र लपवाछपवीने होते. टक्कल झाकेल असा भांग, ओढणी वा टोपी, भर उन्हाळ्यात लांब बाह्या, पोहायला आणि केस कापायला जाण्याची टाळाटाळ, पाऊस व वाऱ्याची धास्ती असा दिनक्रम त्या एका गुपिताभोवती आखला जातो. आरशासमोर तास जातो, शाळेला वा कामाला उशीर होतो, आणि उशिराचे कारण सांगता येत नाही. लहान मुलीच्या डोक्याला तेल लावताना आईला विरळ जागा दिसते आणि ती चाई समजून औषध आणते; चाईत त्वचा साधारणतः गुळगुळीत असते, तर येथे कमी-अधिक लांबीचे तुटके केस राहतात, हा फरक त्वचारोगतज्ज्ञ ओळखतो. घरातील रागावणे, हातावर चापट मारणे किंवा इच्छाशक्तीचे उपदेश यांनी शरम तेवढी वाढते, आणि वाढलेली शरम हाच पुढच्या ताणाचा उगम ठरतो.

उपचारांत सर्वांत भक्कम आधार सवय-परावर्तन या पद्धतीला आहे. ॲझरिन व नन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत रुग्ण आपली कृती केव्हा व कोठे सुरू होते याची नोंद ठेवतो आणि हात उचलला जाताच मूठ आवळण्यासारखी विरोधी हालचाल करतो. या पद्धतीला तीव्र दिवे बदलणे, चिमटा दूर ठेवणे, बोटांना पट्टी लावणे अशा परिसर-बदलांची जोड देतात. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचा केस उपटण्यावरील परिणाम निराशाजनक आहे. एन-ॲसिटिल सिस्टीन या द्रव्याचा प्रौढांमध्ये २००९ च्या चाचणीत लाभ दिसला, तथापि मुलांवरील २०१३ च्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही; म्हणून मुलांच्या बाबतीत वर्तनोपचार हाच पहिला उपाय मानला जातो.