कापलेल्या कराची पावती

पगारदारावर स्वतःहून कर भरण्याची वेळ सहसा येत नाही. पगार हाती पडण्याआधीच कर कापला जातो आणि आर्थिक वर्ष संपल्यावर जूनच्या मध्यापर्यंत मालकाकडून फॉर्म १६ मिळतो. विवरणपत्र भरायला लागणारा कागद, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. करकपातीचा इतिहास पाहिला तर त्याचे मोल याहून बरेच मोठे ठरते. सरकारने वसुलीचे काम मालकावर सोपवले आणि त्या क्षणापासून मालकाच्या कसुरीची झळ नोकरदाराला लागण्याचा धोका निर्माण झाला. त्या धोक्यावरचा उपाय म्हणून या प्रमाणपत्राकडे पाहायला हवे.

१८५७ च्या उठावाने तिजोरी रिकामी झाल्यावर जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात आयकर आणला. २०० ते ५०० रुपयांच्या वार्षिक उत्पन्नावर २ टक्के आणि त्यापुढे ४ टक्के असा त्याचा दर होता. व्यापाऱ्याचे उत्पन्न ठरवायचे तर चौकशी आणि अंदाज यांवाचून गत्यंतर नव्हते, त्यामुळे लोकांचा रोषही मोठा होता. तो कर १८६५ मध्ये संपला. पुढे १८८६ चा कायदा आला, त्याने पगार आणि पेन्शन यांचा वेगळा वर्ग केला आणि सरकारी नोकरांचा कर पगार देतानाच कापून घेण्याची तरतूद ठेवली. यामागचे गणित सरळ होते: पगाराचा आकडा देणाऱ्याच्या वहीत आधीच लिहिलेला असतो, तो लपवता येत नाही आणि वसुलीला वेगळा कारकूनही लागत नाही. १९२२ च्या कायद्याने पगार देणाऱ्या प्रत्येकावर कपातीची जबाबदारी टाकली. अमेरिकेत पगारावरची सरसकट करकपात १९४३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९४४ मध्ये सुरू झाली, हे लक्षात घेतले तर आपल्याकडची प्रथा किती जुनी आहे ते कळते.

सरकारची सोय झाली, पण व्यवहारात तिसरा माणूस आला. मालकाने कर कापला आणि भरलाच नाही तर तो कोणी सोसायचा? १९६१ च्या आयकर कायद्यात याची दोन उत्तरे शेजारीशेजारी होती. कलम १९९ म्हणे, कापून सरकारजमा झालेल्या कराचेच श्रेय मिळेल. कलम २०५ म्हणे, जेवढा कर कापला गेला तेवढा करदात्याकडे पुन्हा मागता येणार नाही. या दोहोंच्या फटीत अडकणारा नोकरदारच असे. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला, की मालकाने रक्कम भरली नसली तरी आयकर विभागाने तिची वसुली मालकाकडून करावी, कर्मचाऱ्याकडून नव्हे. २०१५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही अशा मागणीची सक्तीने वसुली करू नये, असे अधिकाऱ्यांना बजावले. मात्र या संरक्षणासाठी कपात झाल्याचे दाखवता आले पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम २०३ नुसार दिल्या जाणाऱ्या या प्रमाणपत्राचे महत्त्व तिथे आहे.

यावर आक्षेप येईल, की आता सगळे संगणकावर आहे, फॉर्म २६एएस उघडला की कापलेला कर दिसतो, विवरणपत्राला प्रमाणपत्र जोडण्याची पद्धतही केव्हाच गेली, मग या कागदाचे काय काम? आक्षेपात तथ्य आहे. विवरणपत्र फॉर्म १६ शिवायही भरता येते. पण २६एएस मध्ये मालकाने कळवले तेवढेच उमटते. पगाराच्या स्लिपेवर कपात आहे आणि तिथे नोंद नाही, असे दिसले तर घोटाळा उघडच आहे. फॉर्म १६ चा भाग अ २०१३ पासून विभागाच्या ट्रेसेस प्रणालीतूनच काढावा लागतो, त्यामुळे मालकाने तपशील भरला नसेल तर तो निघतच नाही. म्हणजे न आलेला फॉर्मही काहीतरी सांगत असतो. शिवाय भाग ब मध्ये भत्ते, सवलती आणि वजावटी धरून कर कसा काढला याचा हिशेब असतो, तो २६एएस मध्ये सापडत नाही. दुसरा आक्षेप असा, की कर कापलाच गेला नसेल तर हा फॉर्म कशाला हवा? तेव्हा तो देण्याचे बंधन मालकावर नाही, हे खरे. परंतु विवरणपत्र भरण्याचे कर्तव्य उत्पन्नावर ठरते, फॉर्म मिळण्या-न मिळण्यावर नाही.

म्हणून फॉर्म हाती आल्यावर त्यातला आकडा बारा महिन्यांच्या स्लिपांशी आणि २६एएसशी ताडून पाहणे, हा नोकरदाराचा स्वतःचा भाग. वर्षात नोकरी बदलली असेल तर जुन्या मालकाकडूनही फॉर्म मागावा. दोघांनीही आपापल्या परीने पूर्ण करमुक्त मर्यादा धरली असेल, तर विवरणपत्राच्या वेळी उरलेला कर अंगावर येतो. बँकेतल्या ठेवींचे व्याजही मालकाला कळवले नसेल तर या कागदात येत नाही. फॉर्म वेळेवर आला नाही तर लेखी मागणी करावी. प्रमाणपत्र देण्यातल्या दिरंगाईसाठी जुन्या कायद्यात २०२२ पासून दिवसाला ५०० रुपये दंड होता, आणि कापलेला कर न भरणाऱ्याला तुरुंगवासाचीही तरतूद होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले, तरी मालकाने कापायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे ही रचना टिकली आहे. वसुली जोवर मालकाच्या हातून होते, तोवर कपातीचा पुरावा कर्मचाऱ्याने मागून घ्यावा आणि जपून ठेवावा, यातच त्याचे हित आहे.