ग्लोरियाश्ट्रासेवरून निघालेलं पत्र

आज 4 डिसेंबर 1930. झुरिकच्या ग्लोरियाश्ट्रासेवर, तंत्रविद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेत तुम्ही उभे आहात. समोर लिहीत बसलाय तो वोल्फगांग पाउली. वय तीस. गेल्याच महिन्यात त्याचा घटस्फोट झालाय. एकविसाव्या वर्षी सापेक्षतेवर त्याने लिहिलेला पुस्तकाएवढा लेख खुद्द आइनस्टाइनने मनापासून वाखाणला होता. दुसऱ्यांच्या कच्च्या कल्पनांची तो निर्दयपणे चिरफाड करतो, आणि तरीही नवं काही सुचलं की लोक आधी त्यालाच कळवतात.

थोडं पुढे वाका. पत्र ट्युबिंगेनच्या बैठकीला जायचंय. तिथे लिझे माइटनर आणि हान्स गायगर यांच्यासारखी किरणोत्सारावर काम करणारी मंडळी जमणार आहेत. मायना आहे, ‘प्रिय किरणोत्सारी स्त्री-पुरुषहो’. थट्टा तिथेच संपते. बीटा ऱ्हासात अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन सुटतो, पण दर खेपेला वेगळी ऊर्जा घेऊन. उरलेली ऊर्जा जाते कुठे? कोपनहेगनला नील्स बोर तर ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमावरच पाणी सोडायला तयार झालाय. पाउलीला ते पटत नाही. तो लिहितो, इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण निसटत असावा. त्याला विद्युतभार नाही, वस्तुमान फार तर प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाएवढं. दोघांची ऊर्जा मिळवली की हिशेब दर वेळी जुळतो.

हा नाइलाजाने काढलेला तोडगा आहे, हे तो लपवत नाही. छापायचं धाडस होत नाही, असा कण प्रयोगात सापडेल का ते सांगा, असं विचारतो. शेवटी कळवतो, की मी येऊ शकत नाही, 6 तारखेच्या रात्री इथे नाच आहे आणि तिथे मी हवाच. लोकांना मायना आणि नाच लक्षात राहतो. मला मात्र न छापण्याची ती कबुली मोठी वाटते. इतरांना धारेवर धरणारा माणूस स्वतःचा अर्धाकच्चा विचार प्रयोग करणाऱ्यांच्या हाती देतोय, आणि तो खोडून काढायची मुभाही देतोय.

आता जून 1956 मध्ये या. पाउलीने सुचवलेलं ‘न्यूट्रॉन’ हे नाव एव्हाना दुसऱ्याच, जड कणाला गेलंय; याला सगळे न्यूट्रिनो म्हणतात. 14 तारखेला अमेरिकेतून राइन्स आणि कावन या भौतिकशास्त्रज्ञांची तार येते: अणुभट्टीतून येणारे न्यूट्रिनो नक्की सापडले. पाउली तेव्हा छप्पन्न वर्षांचा आहे. त्यानंतर तो अडीच वर्षंच जगला.

छापण्याआधी पत्र, ही वाट एकट्या पाउलीची नव्हती. हायझेनबर्गनेही अनिश्चिततेचा विचार शोधनिबंधाआधी, फेब्रुवारी 1927 मध्ये, पाउलीला लांबलचक पत्रात कळवला होता. पाउलीचा पत्रव्यवहार आज जाडजूड खंडांत छापलेला आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांनी तो जरूर उघडावा. शोधनिबंधात उत्तर मिळतं. ते मिळेपर्यंतची घालमेल या पत्रांतच आहे.